खणाचं निशाण

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ह्यांनी मला सहलीला नेलं होतं. गोल्फ खेळायच्या सहलीला. हसू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात जनावरांना कडबा नव्हता, माणसं रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, नाक दाबून गिळत होती, आणि माझा नवरा चार दिवस जीप घेऊन पांढरा चेंडू काठीनं बडवत हिंडत होता. मी शेजारच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन. आता सत्तरी ओलांडली, हे जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी त्या चार दिवसांची आठवण आली की तोंडाला कडू पाणी सुटतं.

आमचे हे तेव्हा होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते. कारखाना कागदावर होता, ऊस तर औषधाला नव्हता, पण जीप आली होती. जीप आधी येते, हे सहकाराचं पहिलं तत्त्व मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं. परवान्याच्या कामाला हे पुण्याला जायचे. तिथं ज्यांच्या सहीवाचून काम अडलं होतं ते मोठे साहेब गोल्फ खेळतात, असं ह्यांना समजलं. साहेब एकदा सहज म्हणाले, "या की एकदा खेळायला." झालं! ह्यांनी बदलीवर चाललेल्या कुणा अधिकाऱ्याकडून सात काठ्यांची पिशवी आणि एक चित्रांचं पुस्तक आणलं. मी काठ्या म्हटलं की चिडायचे. "क्लब म्हण, क्लब." परसात सराव करताना पहिल्याच आठवड्यात ह्यांनी सासूबाईंचा रांजण फोडला. रिकामाच होता म्हणा.

त्याच अधिकाऱ्यानं डोक्यात भरवून दिलं होतं की साहेबलोक रजेवर ड्रायव्हर घेत नाहीत. गाडी स्वतः चालवायची, बायको शेजारी, सकाळी निसर्गरम्य जागी खेळायचं, दुपारी किल्ला नाहीतर देऊळ बघायचं. मग ह्यांनी ड्रायव्हरला सुट्टी दिली आणि बेत आखला. परंडा, सोनारी, तुळजापूर, नळदुर्ग, आणि शेवटी जळकोटच्या पलीकडं माझं माहेर. ह्यांना गियर नीट टाकता येत नव्हता. दुसरा पडताना जीप अशी किंचाळायची की रस्त्यावरचे बैल बुजायचे.

निघायच्या सकाळी ह्यांना आठवलं की खड्ड्यात निशाण लावावं लागतं. माझी ट्रंक उघडीच होती. वरच माझ्या आईनं दिवाळीला ओटीत घातलेला खण होता, लाल, जरीच्या काठाचा. हे तो कात्रीनं कापायला निघाले.

"अहो, ओटीचा खण हाय तो!"

"लाल आहे ना? लांबून दिसतो ना? मग झालं."

खण वेळूच्या काठीला बांधला गेला. मी ट्रंक मिटली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि नवऱ्यापुढं न बोलणं याला शहाणपण म्हणत होते.

परंड्याच्या वाटेवर दुष्काळी काम चालू होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला बायका खडी फोडत बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हाताच्या बोटांना चिंध्या. ह्यांनी नेमकी तिथं जीप थांबवली. का, तर किल्ल्यातल्या खेळाआधी चेंडू स्वच्छ हवेत. जीपला लटकवलेली छागल काढली, ती कापडी पाण्याची पिशवी, आणि तिच्यातल्या गार पाण्यानं चेंडू धुवायला लागले. एकेक चेंडू. अंगठ्यानं चोळून. हातोड्या थांबल्या. पाणी खडीवर पडत होतं आणि त्या बायका ते दगड ओले होताना बघत होत्या. एक म्हातारी उठली, ओला दगड उचलून तिनं गालाला लावला. मी पदरानं तोंड झाकून घेतलं. ह्यांना वाटलं, मला धूळ लागतेय. म्हणाले, "काच असती तर वर केली असती."

किल्ल्यात गेल्यावर ह्यांनी दोन खड्डे केले, तीन चेंडू खंदकात घालवले आणि एक शेळी मरता मरता वाचली. मग मला तटावरची तोफ दाखवली. दृश्य छान होतं म्हणे. मला चारी बाजूंनी भाजलेलं रान दिसत होतं.

सोनारीला काळभैरवाच्या देवळापाशी माकडं फार. त्या साली वाळून त्यांच्या बरगड्या निघाल्या होत्या. ह्यांनी चेंडू मारला, एका माकडानं तो झेलल्यासारखा उचलला, चावून बघितला, आणि ह्यांच्याकडं बघून फेकून दिला. चार दिवसांत शहाण्यासारखं वागलेला तो एवढाच प्राणी. मी देवाला हात जोडले आणि काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

नळदुर्गला बोरी नदी कोरडी ठणठणीत. पावसाळ्यात जिथून नर-मादी धबधबे पडतात तो बांध हाडासारखा पांढरा दिसत होता. ह्यांनी नदीच्या पात्रात काठ्या काढल्या. मी उन्हात निशाण धरून उभी. "हलवू नकोस गं, लक्ष जातं." दोन तास. पायाखाली वाळलेले मासे होते, त्यांचा वास अजून नाकातून गेलेला नाही.

आणि मग माहेर.

तिथली परिस्थिती आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावाला टँकर एका आड एक दिवस यायचा. सरकारनं दुष्काळी कामातून गावाला एक विहीर मंजूर केली होती. एकच. जागा गावानं दाखवायची, आणि चार दिवसांनी ओव्हरसियर येऊन आखणी करणार होता. एकदा आखणीचा चुना पडला की जागा बदलायची नाही, असा त्याचा निरोप होता. म्हणजे ती जागा बरोबर निघाली तर गाव टिकणार, नाहीतर उठणार.

जागा तशी ठरल्यातच होती. बौद्धवाड्यात एक म्हातारा पाणाड्या होता, मी त्याला लहानपणापासून आबा म्हणायची. नारळ फिरवणं, अंगात येणं असलं त्याचं काही नव्हतं. वारूळ बघायचा, उंबर बघायचा, मातीचा रंग बघायचा, अन् पाय आपटून सांगायचा. गावातल्या निम्म्या विहिरी त्यानं दाखवलेल्या, आणि त्यातल्या एकीवरही त्याच्या घरच्यांना पोहरा टाकायची सोय नव्हती. हे लिहिताना मला लाज वाटते; तेव्हा वाटत नव्हती. त्यानं ओढ्याच्या खालच्या अंगाला, उंबरापाशी जागा दाखवली होती. ती त्यांच्या वस्तीला लागून. गावाला जागा पटत होती, शेजार पटत नव्हता. सगळे नुसते कुरकुरत होते, पण दुसरी जागा सांगायची कुणाची छाती नव्हती.

अशात आमची जीप आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं.

सकाळी चहा पिऊन हे मारुतीच्या देवळामागच्या माळावर गेले. हातात काठी. डोक्यावर पांढरी टोपी. खाली मान घालून हळूहळू चालायचे, मधेच थांबायचे, उकिडवे बसून एक डोळा मिटून जमिनीच्या सपाटीतून बघायचे. मग चिमूटभर माती उचलून हवेत सोडायचे. वारा बघायला, पुस्तकात तसं चित्र होतं. गावानं मात्र जे बघायचं तेच बघितलं. तासाभरात माळाच्या कडेला निम्मं गाव जमलं, एकदम चिडीचूप.

हे माझ्या भावाला म्हणाले, "एवढी जागा जरा गुळगुळीत सारवून मिळेल का? चेंडू अडतो." चेंडूचं भावाच्या ध्यानातच आलं नाही. त्यानं हाक दिली, आणि बायका घरोघर पळाल्या. शेण आलं. पाणी आलं. प्रत्येकीनं तांब्या-तांब्या आणलं, पिण्याच्या घागरीतलं. माळावरच्या मुरमाड जमिनीवर माझ्या गावच्या बायकांनी सडा घातला, सारवण केलं, आणि हे कमरेवर हात ठेवून "इकडं थोडं अजून" म्हणत उभे. मधोमध खड्डा. खड्ड्यात वेळूची काठी. काठीला लाल खण.

माझ्या आईनं खण ओळखला. ती पुढं झाली, खणाला हळद-कुंकू लावलं, आणि मला बाजूला ओढलं. तिचे डोळे भरले होते.

"ओटीचा खण लावलास लेकी? गावासाठी? जावईबापू पाणी बघत्यात व्हय गं?"

आता सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? न्हाय आई, तुझे जावई खेळत्यात. हे सारवण चेंडूसाठी हाय. तुझा खण मी देवासाठी न्हाय, ह्यांच्या चेंडूसाठी दिलाय. एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बायका ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या, आणि माझ्या नवऱ्याची पांढरी टोपी उन्हात चमकत होती, आणि मला इतकी शरम वाटली, इतकी किळस आली त्या माणसाची, की तो माझा नवरा आहे हे झाकायला मी काहीही बोलले असते.

"व्हय," मी म्हणाले.

आई वळली आणि गर्दीत ते एक व्हय तोंडातोंडी गेलं.

गर्दीच्या मागं, लांब, आबा उभा होता. मला हात करून त्यानं बोलावलं. जवळ गेले तर म्हणाला, "ताई, ती हातातली काठी लोखंडाची हाय. लोखंडाला पानी कळत न्हाय. पाव्हनं काय करत्यात त्ये तुमी खरं सांगा. हीर येकच हाय."

त्यानं मला सरळ विचारलं होतं. आणि माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं कुणास ठाऊक. एक खोटं जिरलं म्हणून असेल, किंवा बौद्धवाड्यातला म्हातारा आपल्या नवऱ्याची परीक्षा घेतो याचा राग असेल. होता, राग होता. आज कशाला लपवू? मी ताठ मानेनं म्हणाले, "पुण्याला शिकून आलेत ते, आबा. नवी पद्धत हाय."

त्यानं माझ्या डोळ्यांकडं बघितलं. "मंग बराबर," म्हणाला आणि ओढ्याकडं निघून गेला.

तेवढ्यात ह्यांनी चेंडू मारला. चार दिवसांत एकही चेंडू धड गेला नव्हता, पण तो मेला सारवणावरून घरंगळत घरंगळत गेला आणि टपकन खड्ड्यात पडला. एकच गलका झाला. "लागलं! पाणी लागलं!" कुणी नारळ फोडला, कुणी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ह्यांनी टोपी काढून चौफेर मान लववली. परतताना जीपमध्ये मला म्हणाले, "तुझ्या माहेरची माणसं खरंच रसिक आहेत गं. खेळ कळतो त्यांना."

मी ह्यांनाही काही सांगितलं नाही. बाहेर बघत बसले. खण तिथंच राहिला होता, काठीला.

पंधरा दिवसांनी भावाचं पत्र आलं. दाजींनी दाखवलेल्या जागेवर चुना पडला, काम जोरात सुरू आहे, दाजींना गावाचा नमस्कार. ह्यांनी दोनदा वाचलं. "मी कुठं जागा दाखवली?" म्हणून हसले. मग मला सगळं सांगावं लागलं. वाटलं, आता तरी हे उठतील, जीप काढतील, ओव्हरसियरला सांगतील, बाबा रे, चूक झाली. अजून वेळ होता, नुसती वरची माती निघाली होती. हे पत्राची घडी घालत म्हणाले, "आता सांगितलं तर माझी शोभा होईल. आणि कुणी सांगावं, लागेलही पाणी. लोकांची श्रद्धा असते, ती मोडू नये." महिन्याभरानं आमच्या घरी भरलेल्या कारखान्याच्या बैठकीत हे स्वतःच सांगायला लागले की माझ्या हाताला पाण्याचा गुण आहे. मी आतून चहा पाठवत होते.

बोट ह्यांच्याकडं दाखवायला सोपं आहे. पोस्टकार्ड मलाही लिहिता येत होतं. दहावीपर्यंत शिकले होते मी.

वैशाखात माहेरी गेले. विहीर सहा पुरुस, म्हणजे सहा माणसांच्या उंचीइतकी, खाली गेली होती. काळा पाषाण. सुरुंग लावले, कोरडी धूळ वर आली. तळाशी माणसं उभी होती आणि त्यांना प्यायला पाणी वरून दोरानं सोडत होते. पण जावयाला कुणी चुकूनही बोल लावला नाही. जावई कधी चुकतो होय? गावानं दुसरंच शोधून काढलं होतं. म्हाताऱ्यानं पाणी बांधलं! त्याची जागा घेतली नाही म्हणून त्यानं माळावरचं पाणी मंत्रानं बांधून टाकलं. रोज कुणी ना कुणी त्याच्या दारात जाऊन शिव्या घालून यायचं. त्याच्या लेकाला विहिरीच्या कामावरून काढलं. काढणारा माझाच भाऊ, मुकादमाच्या कानाला लागून.

आणि आबानं काय केलं? काही नाही. त्याच्या वस्तीतली माणसं पहाटे, दुष्काळी कामावर जायच्या आधी, उंबरापाशी खणत राहिली. सरकार नाही, सुरुंग नाही. दोन पुरुसावर झरा लागला. कंबरभर पाणी, नितळ.

त्या पाण्याला आमच्या आळीतल्या बायका जायला लागल्या. सकाळी शिव्या, दुपारी कळशी. "पाण्याला कुठं जात असती?" माझी आई म्हणाली. घसा कोरडा पडला की आमच्या घरच्यांना बरोबर अभंग सुचतात. तिनं कळशी माझ्या हातात दिली. "तू जा. माहेरवाशीण हायस, तुला न्हाय म्हननार न्हायती."

कुणालाच नाही म्हणत नव्हते ते. आबाच्या म्हातारीनं पोहरा ओढून माझी कळशी भरली, वरपर्यंत. आबा उंबराखाली बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

"आबा, तवा म्या खोटं बोलले."

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कधीपासनं?"

"त्याच दिशी. मान ताठ हुती, पर नजर खाली हुती तुमची."

"मग तुमी गावाला सांगितलं का न्हाय?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. "माजं कोन आयकतंय, ताई? म्हनून तर तुमाला इचारलं."

मी रडायला लागले. त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "आता मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. वाटंत पार लागतो, तितं सांगा. माज्या पोराचं काम गेलंय."

मी मान डोलावली. खरंच सांगायचं असं ठरवून मी कळशी डोक्यावर घेतली.

पारावर सात-आठ माणसं बसली होती. माझा भाऊ मधोमध. मी जवळ आले तशी त्यांची बोलणी थांबली. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कळशीकडं. ह्यांची पांढरी टोपी माझ्या डोळ्यांपुढं आली.

"काय ताई," भाऊ म्हणाला, "मिळालं का पाणी?"

"मिळालं," मी म्हणाले, आणि एक थेंब न सांडता कळशी घरी आणली.